२६९ विरुद्ध २७०: अध्यक्षांनी गमांग यांचं मत का अडवलं नाही

शनिवार, १७ एप्रिल १९९९. लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतविभाजन झालं. ठरावाच्या बाजूने २६९, विरोधात २७०. तेरा महिन्यांचं सरकार एका मताने गेलं. ते एक मत कुणाचं, यावर गप्पा अजून रंगतात आणि बोट बहुतेक वेळा गिरिधर गमांग यांच्याकडेच जातं. ओडिशाचे मुख्यमंत्री होऊन दोन महिने झालेले गमांग लोकसभेत येऊन बसले आणि त्यांनी विरोधात मत दिलं.

इथे पाहायचं आहे ते गमांग यांच्याकडे नाही, त्यांच्यासमोर उंच आसनावर बसलेले लोकसभेचे अध्यक्ष गंटी मोहनचंद्र बालयोगी यांच्याकडे. सत्ताधारी बाकांवरून हरकत आली होती, सभागृह तापलं होतं, आणि गमांग यांना मत देऊ द्यायचं की नाही हे अध्यक्षांनाच सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं, त्याचा आशय एवढाच: हे मी सदस्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडतो. काहींना यात मोठेपणा दिसला, काहींना पळवाट. आमच्या मते निर्णय बरोबर होता, कारण मात्र अपुरं दिलं गेलं. या प्रकरणाचं सार त्या फरकात आहे.

सभागृहाचं गणित

अण्णा द्रमुकच्या जयललिता यांनी १८ खासदारांचा पाठिंबा काढून घेतला आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी पंतप्रधानांना बहुमत सिद्ध करायला सांगितलं. विरोधी पक्षनेते होते शरद पवार. ठराव मांडला गेला, चर्चा झाली, आणि शनिवारी मतदान.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत 'विश्वासदर्शक ठराव' असा स्वतंत्र प्रकारच नाही. अविश्वास ठरावासाठी नियम १९८ आहे, त्याला ५० सदस्यांचं समर्थन लागतं. विश्वासाचा ठराव मात्र सर्वसाधारण प्रस्तावांच्या नियम १८४ खाली, एका ओळीत मांडला जातो: हे सभागृह मंत्रिमंडळावर विश्वास व्यक्त करतं. त्यामुळे त्याला लागणारं बहुमतही साधंच. घटनेच्या अनुच्छेद १००(१) प्रमाणे हजर राहून मतदान करणाऱ्यांचं बहुमत. तेव्हाच्या एकूण ५४५ पैकी निम्म्याहून अधिक हवेत असं नव्हतं. तटस्थ राहणारा हिशेबात धरलाच जात नाही.

म्हणूनच त्या दिवशी सर्वांत मोठी उलथापालथ गमांग यांच्या मताने झालेली नाही. बहुजन समाज पक्षाचे पाच खासदार तटस्थ राहतील असं सत्ताधाऱ्यांनी धरलं होतं, आणि मायावतींनी ऐन वेळी पाचही मतं विरोधात टाकली. ते तटस्थ राहिले असते तर आकडा २६९ विरुद्ध २६५ झाला असता. दुसरं मत सैफुद्दीन सोझ यांचं. नॅशनल कॉन्फरन्सने सरकारला पाठिंबा द्यायचा पक्षादेश काढला होता, सोझ यांनी तो मोडला. ते पक्षादेशाप्रमाणे गेले असते तर २७० विरुद्ध २६९, सरकार वाचलं असतं. २७० जणांपैकी कुणीही स्वतःला 'ते एक मत' म्हणवून घेऊ शकतो. गमांग यांचं नाव चिकटलं, कारण त्यांच्या मताबद्दल अध्यक्षांना उघडपणे बोलावं लागलं.

आणखी एक मत त्या दिवशी मोजलंच गेलं नाही, त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही. बालयोगी तेलुगू देसमचे. पक्षाचे १२ खासदार, सरकारला बाहेरून पाठिंबा. त्यातला एक अध्यक्षपदी बसला की पक्षाची ११च मतं उरतात, कारण त्याच अनुच्छेद १००(१) प्रमाणे अध्यक्ष किंवा त्या जागी बसलेली व्यक्ती पहिल्या फेरीत मत देत नाही. काठावरच्या सभागृहात अध्यक्षपद पदरात पाडून घेणाऱ्या आघाडीने हा खर्च आधी मोजावा. राज्यातल्या आघाड्यांनाही हे लागू आहे.

हरकत काय होती

गमांग फेब्रुवारी १९९९ मध्ये ओडिशाचे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कोरापुटचे खासदार होते आणि विधानसभेचे सदस्य नव्हते. आमदार नसलेल्याला मुख्यमंत्री किंवा मंत्री राहता येतं, पण सहा महिन्यांत त्याने विधिमंडळाचा सदस्य व्हायला हवं, हे अनुच्छेद १६४(४) सांगतो. ती मुदत अजून चालू होती. लोकसभेचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे अनोळखी वाटू नये. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. मनोहर पर्रीकर मार्च २०१७ मध्ये दिल्लीहून गोव्यात परतले तेव्हाही तेच. उत्तर प्रदेशात योगी आदित्यनाथ यांनी त्याच वर्षी मुख्यमंत्री झाल्यावर काही महिने खासदारकी ठेवली. फरक इतकाच, की त्यांच्या मतावर केंद्र सरकार टांगलेलं नव्हतं.

सत्ताधारी बाकांवरचा युक्तिवाद साधा आणि कानाला पटणारा होता: राज्याचा मुख्यमंत्री केंद्र सरकारचं भवितव्य कसा ठरवतो? त्यात राजकीय औचित्याचा मुद्दा नक्की आहे. अध्यक्षांसमोरचा प्रश्न मात्र औचित्याचा नव्हता. हा माणूस या क्षणी सभागृहाचा सदस्य आहे की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

घटनेची कलमं एकेक लावून पाहिली की उत्तर मिळतं.

अनुच्छेद १०१(२): कुणीही एकाच वेळी संसदेचा आणि राज्य विधिमंडळाचा सदस्य राहू शकत नाही. दोन्हीकडे निवडून आल्यास, राजपत्रात निवड प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत राज्यातली जागा सोडावी लागते, नाहीतर संसदेतली जागा रिकामी होते. ही मुदत १९५०च्या नियमांत आहे. पण गमांग आमदार झालेलेच नव्हते, त्यामुळे हे कलम त्यांच्या बाबतीत सुरूच होत नाही. 'मुख्यमंत्री' आणि 'विधानसभेचा सदस्य' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हरकत घेणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथे होता.

अनुच्छेद १०२: लाभाचं पद धारण करणारा अपात्र. पण त्याच अनुच्छेदाचं स्पष्टीकरण सांगतं की केवळ केंद्राचा किंवा राज्याचा मंत्री असल्याने कुणी लाभाचं पद धारण करतो असं मानलं जाणार नाही. हीही वाट बंद.

समजा, अपात्रतेबद्दल खरी शंका असती. तरी अनुच्छेद १०३ प्रमाणे तो निर्णय राष्ट्रपतींचा, तोही निवडणूक आयोगाचं मत घेऊन. अध्यक्षांचा त्यात वाटा नाही. अध्यक्षांकडे अपात्रतेचा अधिकार येतो तो फक्त दहाव्या परिशिष्टाखाली, पक्षांतरासाठी. गमांग काँग्रेसचेच होते आणि काँग्रेसच्या आदेशाप्रमाणेच मत देत होते. म्हणजे तिथेही काही नाही.

राहतो तो लोकसभेचा नियम ३७१. सदस्याचा एखाद्या विषयात वैयक्तिक, आर्थिक किंवा थेट हितसंबंध असेल तर त्याच्या मताला आव्हान देता येतं आणि अध्यक्ष ते मत बाद करू शकतात. अध्यक्षांच्या हातात मत रद्द करण्याचं प्रत्यक्ष हत्यार हेच. पण त्याच्या अटी कडक आहेत. आव्हान मतविभाजन संपल्यावर लगेच, निकाल जाहीर होण्याआधी द्यायचं. आव्हान देणाऱ्याने कारण नेमकं सांगायचं, ज्याच्या मताबद्दल आहे त्याला बाजू मांडू द्यायची. आणि हितसंबंध राज्याच्या धोरणाच्या विषयातला किंवा सगळ्या जनतेशी वा तिच्या एखाद्या वर्गाशी सामाईक असा नसावा, तो त्या माणसाचा स्वतःचा असावा. सरकारवर विश्वास आहे की नाही, हा विषय त्यात बसवायचा म्हटलं तर सभागृहातल्या प्रत्येक मंत्र्याचं मत आधी बाद करावं लागेल.

म्हणजे अध्यक्षांकडे गमांग यांना अडवण्याचा अधिकारच नव्हता. 'सदसद्विवेकबुद्धीवर सोडतो' या शब्दांत असं ध्वनित होतं की अधिकार होता, पण वापरला नाही. तसं नव्हतं.

चुकलं तर कोणती चूक परवडते

पीठासीन अधिकाऱ्याला असा निर्णय मिनिटांत द्यावा लागतो, ग्रंथालयात जाऊन नाही. त्यामुळे घटनाकारांनी चुकीचीही सोय करून ठेवली आहे, आणि ती सोय एकाच बाजूला झुकलेली आहे.

अनुच्छेद १००(२) म्हणतो की ज्याला हक्क नव्हता असा कुणी बसला, त्याने मत दिलं, हे नंतर उघड झालं तरी सभागृहाचं कामकाज वैधच राहतं. अशा माणसाला जाणूनबुजून बसल्याबद्दल दंड आहे, अनुच्छेद १०४ खाली दिवसाला ५०० रुपये. १९५० साली ही रक्कम बरी होती, आज ती हास्यास्पद आहे. पण तत्त्व बघा: चुकून दिलेलं मत निकाल उलटवत नाही.

याच्या उलट, ज्याला हक्क आहे त्याला मत देऊ दिलं नाही, तर त्याला वाचवणारं असं कलम कुठेही नाही. अनुच्छेद १२२ प्रमाणे कार्यपद्धतीतल्या निव्वळ अनियमिततेसाठी न्यायालयात जाता येत नाही हे खरं, पण सदस्याचा मतदानाचा हक्कच हिरावणं ही निव्वळ अनियमितता आहे का, यावर भांडण होणारच. म्हणून ज्यांना या खुर्चीवर बसायचं आहे त्यांच्यासाठी व्यवहारातला नियम असा: शंका असेल तर मत नोंदवू द्या, शंका इतिवृत्तात नोंदवा, निवाडा ज्याचा त्याच्यावर सोडा.

उलट केलं तर काय होतं, ते पाहायला फार लांब जायला नको. गोव्यात २ फेब्रुवारी २००५ रोजी पर्रीकर सरकारच्या विश्वासमताच्या वेळी अध्यक्ष विश्वास सतरकर यांनी एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढलं. तो सरकारविरोधात जाणार हे उघड होतं. ठराव मंजूर झाला आणि त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी सरकार बरखास्त करून प्रतापसिंह राणे यांना शपथ दिली. महिन्याभरात राणे यांच्या विश्वासमताच्या वेळी हंगामी अध्यक्षांच्या बाजूने तसाच प्रकार घडला, एका आमदाराला मतदानापासून दूर ठेवलं गेलं, आणि शेवटी राष्ट्रपती राजवट आली. दोन्ही वेळा आकडा जिंकला, निकालावर विश्वास कुणाचाच बसला नाही. राज्यपालांचं वागणं वादग्रस्त होतंच, पण त्यांना निमित्त पुरवलं ते अध्यक्षांच्या आसनाने.

सोझ यांचं मत: वेगळा प्रश्न, तीच शिस्त

सोझ यांच्याबाबत अध्यक्षांना काही विचारलं गेलं नाही, तरी तो धडा महत्त्वाचा आहे. पक्षादेश मोडून दिलेलं मत हे वैध मत असतं. ते जसं पडलं तसं मोजायचं. दहावं परिशिष्ट मत रद्द करत नाही, मत देणाऱ्याला नंतर घरी पाठवतं, तेही याचिका आली, सुनावणी झाली, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर. सोझ यांना पक्षाने काढून टाकलं. २६ एप्रिलला लोकसभाच विसर्जित झाल्यावर त्यांच्या जागेचा प्रश्न उरलाच नाही.

मतदानाच्या दिवशी प्रतोद अध्यक्षांना चिठ्ठ्या पाठवतात: अमक्याने पक्षादेश मोडला, त्याचं मत धरू नका. अशा चिठ्ठीला उत्तर एकच, अर्ज नंतर द्या. मतमोजणी आणि पक्षांतराचा निवाडा ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही एकाच माणसाकडे आल्यामुळे गोंधळ वाढतो. १९९२च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसरं काम करताना अध्यक्ष न्यायाधिकरण असतात आणि त्यांचा निर्णय न्यायालयात तपासता येतो असं ठरवलं. जून २०२२ नंतर महाराष्ट्रात या दुसऱ्या कामाला किती वेळ लागू शकतो ते आपण पाहिलंच आहे. पहिल्या कामाला साडेतीन मिनिटं आणि दहा सेकंद लागतात.

साडेतीन मिनिटं आणि दहा सेकंद

तर हे मतविभाजन चालतं कसं?

चर्चा संपली की अध्यक्ष प्रश्न मांडतात. बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही'. अध्यक्ष आवाजावरून अंदाज सांगतात. कुणी त्याला आव्हान दिलं की लॉबी मोकळी करण्याचा आदेश होतो आणि घंटा वाजू लागते. ती साडेतीन मिनिटं वाजते. या वेळात कँटीनमधून, कॉरिडॉरमधून माणसं धावत येतात. घंटा थांबली की दारं बंद. बाहेर राहिला तो राहिला, तो पंतप्रधान का असेना. मग अध्यक्ष प्रश्न दुसऱ्यांदा मांडतात. हे दुसऱ्यांदा मांडणं विसरता कामा नये. आत आलेल्या माणसाने आपण कशावर मत देतो आहोत ते ऐकलेलं असायला हवं.

आता यंत्र. लोकसभेचे महासचिव कळ दाबतात, टोला पडतो. प्रत्येक सदस्याने दोन बटणं एकत्र दाबून धरायची: एक मतदान सुरू करण्याचं, दुसरं आपल्या मताचं. हिरवं म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे तटस्थ. दहा सेकंदांनी दुसरा टोला. तोवर बोटं उचलायची नाहीत. चूक इथेच होते. काहीजण एकच बटण दाबतात. काहीजण दाबून लगेच सोडतात आणि शेजाऱ्याशी बोलायला लागतात. काहीजण दुसऱ्याच्या जागेवर बसलेले असतात, मग मत त्या जागेच्या नावावर पडतं किंवा पडतच नाही. नवखे हिरवं-लाल यांचा संबंध आपल्या पक्षाशी लावतात आणि ठराव कुणी मांडला आहे हे विसरतात. अविश्वास ठरावात सरकारवाल्यांनी लाल दाबायचं असतं, विश्वासाच्या ठरावात हिरवं.

यासाठी दुरुस्तीची सोय आहे. यंत्रावर मत नीट पडलं नाही किंवा चुकीचं पडलं, तर निकाल जाहीर होण्याआधी ते सांगून किंवा चिठ्ठीवर नोंदवता येतं. चिठ्ठ्याही रंगीत, होयसाठी हिरवी, नाहीसाठी लाल. नाव, मतदारसंघ, तारीख, सही वाचता येईल अशी. म्हणून फलकावरचा पहिला आकडा हा 'दुरुस्तीच्या अधीन' असतो, आणि अनुभवी अध्यक्ष तो वाचून दाखवताना हे शब्द वगळत नाहीत. चिठ्ठ्या गोळा होतात, पटलावरचे अधिकारी बेरीज करतात, मग अंतिम निकाल. तो एकदा जाहीर झाला की त्याला आव्हान नाही.

एका मताच्या फरकात ही दुरुस्तीची मिनिटं सोन्याची असतात. सभागृहात जल्लोष सुरू झालेला असतो, कागद भिरकावले जात असतात, आणि पटलावरचे कर्मचारी शांतपणे चिठ्ठ्या लावत असतात. अध्यक्षांनी त्यांना घाई करू नये. मोजणीत चूक होऊ शकते, मोठ्या संसदांतही. २२ जुलै १९९३ रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात युरोपीय संघाच्या मास्ट्रिख्ट करारावरच्या मजूर पक्षाच्या दुरुस्तीवर ३१७-३१७ अशी बरोबरी जाहीर झाली, अध्यक्षा बेटी बूथरॉइड यांनी निर्णायक मत दिलं, आणि नंतर कळलं की मोजणीत चूक होती, सरकारने ती एका मताने जिंकलेलीच होती.

बरोबरी झाली असती तर

गमांग आलेच नसते तर २६९-२६९. मग अध्यक्षांचं निर्णायक मत. अनुच्छेद १००(१) ते देतो, कसं वापरायचं ते सांगत नाही. संसदीय परंपरेत त्यासाठी जो आधार घेतला जातो तो ब्रिटिश अध्यक्ष डेनिसन यांच्या १८६७च्या निर्णयापासून चालत आलेला: अध्यक्षांनी नसलेलं बहुमत आपल्या मताने तयार करू नये, आणि शक्यतो आहे ती स्थिती राहू द्यावी. बूथरॉइड यांनीही त्याच तत्त्वाने मत दिलं.

अविश्वास ठरावात हे सोपं आहे. बरोबरी झाली तर अध्यक्ष 'नाही' म्हणतात: ठरावाला बहुमत नाही, सरकार आहे तसं राहतं, दोन्ही तत्त्वं एकाच दिशेला. २८ मार्च १९७९ रोजी ब्रिटनमध्ये पंतप्रधान कॅलाहन यांचं सरकार अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० ने पडलं, तेव्हा एक मत कमी पडून बरोबरी झाली असती तरी गोंधळ नव्हता.

विश्वासाच्या ठरावात मात्र ही दोन तत्त्वं एकमेकांच्या गळ्यात पडतात. नसलेलं बहुमत तयार करायचं नाही, तर अध्यक्षांनी 'नाही' म्हणायला हवं, आणि सरकार पडतं. आहे ती स्थिती ठेवायची, तर 'होय' म्हणायला हवं, आणि अध्यक्षांच्याच मताने बहुमत तयार होतं. बालयोगींचा पक्ष सरकारच्या पाठीशी होता. त्यांनी 'होय' म्हटलं असतं तर पक्षपाताचा आरोप अटळ, 'नाही' म्हटलं असतं तर पक्षाशी गद्दारीचा. आमचं मत विचाराल तर 'नाही' अधिक टिकाऊ होतं, कारण राष्ट्रपतींनी सरकारला बहुमत दाखवायला सांगितलं होतं आणि बरोबरी म्हणजे बहुमत नव्हे. पण याच्या उलटही प्रामाणिकपणे म्हणता येतं. गमांग यांच्या मताने अध्यक्षांना या पेचातून सोडवलं, ही गोष्ट त्या दिवशीच्या आरडाओरड्यात कुणाच्या लक्षात आली नसेल.

निर्णय कसा वाचला जायला हवा होता

हरकतीचा मुद्दा नियम ३७६ खाली येतो. तो कामकाजाच्या नियमांच्या किंवा घटनेच्या तरतुदींच्या अर्थाबद्दल असायला हवा, त्यावर चर्चा होत नाही, अध्यक्ष वाटल्यास सदस्यांना ऐकतात आणि निर्णय अंतिम असतो. म्हणजे चार वाक्यांचा, कारणांसहित निर्णय देणं शक्य होतं. तो साधारण असा असता:

'सदस्य गमांग यांनी राजीनामा दिलेला नाही आणि ते राज्य विधानसभेचे सदस्य नाहीत, त्यामुळे अनुच्छेद १०१(२) लागू होत नाही. राज्याचा मंत्री असणं अनुच्छेद १०२ खाली लाभाचं पद ठरत नाही, आणि अपात्रतेचा प्रश्न आलाच तर तो अनुच्छेद १०३ खाली राष्ट्रपतींचा आहे. म्हणून त्यांना मतदानाचा हक्क आहे आणि मला तो रोखता येत नाही. मत द्यावं की नाही, हे इतर सदस्यांप्रमाणेच त्यांनी ठरवायचं.'

शेवटचं वाक्य आशयाने बालयोगींचंच आहे. वरची तीन सांगितली गेली असती तर ते उदारपणाचं वाटलं नसतं, कायद्याचं वाटलं असतं, आणि पुढची दोन दशकं 'अध्यक्षांनी अडवलं असतं तर' हा प्रश्न निघाला नसता. कारण न देता दिलेला बरोबर निर्णय पुढच्या अध्यक्षाच्या कामाला येत नाही. तो पूर्वदाखला म्हणून वापरायला गेलं की हातात फक्त 'सदसद्विवेकबुद्धी' लागते, आणि तिची व्याख्या प्रत्येक सभागृहात वेगळी.

अध्यक्षांच्या मदतीला त्या वेळी असतात महासचिव आणि पटलावरचे अधिकारी. काठावरच्या मतदानाआधी त्यांनी तयार ठेवायच्या कागदांत दोन गोष्टी हमखास असाव्यात. पहिली, त्या दिवशी पात्र सदस्यांची अद्ययावत यादी: रिक्त जागा कोणत्या, राजीनामे कुणाचे स्वीकारले गेले, अनुच्छेद ९९ प्रमाणे शपथ कुणाची राहिली आहे, न्यायालयाच्या आदेशाने मताचा हक्क कुणाचा थांबला आहे. दुसरी, दोन घटना एकत्र घडलेल्या सदस्यांची टिपणं, म्हणजे मंत्री झालेला खासदार, दोन जागांवर निवडून आलेला, पक्षाने काढलेला. गमांग यांचं टिपण दोन महिने आधीच करता आलं असतं. ओडिशातला शपथविधी काही गुपचूप झाला नव्हता.

बालयोगींना मात्र त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली नाही. ज्या सरकारला त्या मताने घरी बसवलं, तीच आघाडी सप्टेंबर-ऑक्टोबर १९९९च्या निवडणुकीत पुन्हा बहुमतात आली, आणि २२ ऑक्टोबरला नव्या लोकसभेने बालयोगींना पुन्हा अध्यक्ष केलं. ३ मार्च २००२ रोजी आंध्रात हेलिकॉप्टर अपघातात ते गेले. त्यांच्यानंतर त्या आसनावर मनोहर जोशी आले.